पोथ्यांना लागलेली ओल: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात घरगुती आणि गावच्या ग्रंथसंग्रहांतल्या पारंपरिक ज्ञानाच्या पोथ्या, वह्या आणि टाचणांबद्दल प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेक कोकणातली आहेत. निवडक प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत.

आमच्याकडे चार पिढ्यांच्या वैद्यकीच्या पोथ्या आहेत. हातकागदावरच्या, काही देवनागरीत, काही मोडीत. जांभ्याच्या भिंतीतल्या कपाटात लाल फडक्यात बांधून ठेवल्या आहेत. डांबराच्या गोळ्या नेमाने टाकतो, तरी दर पावसाळ्यात बुरशी धरते. आता बारीक भोकंही दिसू लागली आहेत. कोणतं औषध फवारावं? (राजापूर)

कोणतंही फवारू नका. आधी पोथ्या त्या कपाटातून बाहेर काढा, कारण दुखणं कपाटात आहे. जांभा सच्छिद्र असतो. पावसाचं आणि जमिनीचं पाणी तो शोषतो आणि आतल्या बाजूने सोडत राहतो. भिंतीतल्या कपाटाला वारा नाही, त्यामुळे आतली हवा बाहेरच्यापेक्षाही ओली राहते. हवेतली सापेक्ष आर्द्रता 65 ते 70 टक्क्यांच्या वर काही दिवस टिकली की बुरशी रुजते, आणि कोकणात पावसाळ्यात ती आठवडेच्या आठवडे 85 च्या वर असते. जुना हातकागद खळ लावून घोटलेला असतो. ही खळ म्हणजे बुरशीला आणि किडीला आयतं अन्न. डांबराच्या गोळ्यांनी बुरशी थांबत नाही आणि कागदाच्या आत शिरलेली अळी मरत नाही. बंद खोलीत त्या वासाचा त्रास मात्र माणसांना होतो. गोळ्या काढून टाका.

सफाईसाठी ऑक्टोबरातलं कोरडं ऊन सुरू होण्याची वाट पाहा. आज बुरशी चिकट, लोकरीसारखी दिसत असेल तर ती जिवंत आहे. तिला हात लावला की ती कागदात पुसली जाते आणि डाग कायमचा बसतो. पोथी वारा खेळत्या, कोरड्या खोलीत सावलीत उघडी ठेवा. बुरशी वाळून भुकटीसारखी झाली की मग झाडा. उन्हात मात्र ठेवू नका. उन्हाने बुरशी वाळते हे खरं, पण कागद पिवळा पडतो आणि ताठ होऊन मोडतो.

झाडताना एन-95 मास्क आणि हातमोजे घाला, ओसरीवर किंवा अंगणात बसा, वारा पाठीमागून येऊ द्या. रंगकामाचा अर्ध्या इंचाचा मऊ केसांचा ब्रश घ्या. पोथीचं पत्र (म्हणजे सुटं पान) पांढऱ्या कागदावर ठेवून मधून कडेकडे, एकाच दिशेने हलके झाडा. प्रत्येक पत्रानंतर खालचा कागद बदला, नाहीतर एका पत्राची बुरशी दुसऱ्यावर जाते. ओलं फडकं, डेटॉल, स्पिरिट यांपैकी काहीही अक्षरांवर लावू नका. काजळीची शाई उन्हाने उडत नाही, पण ती डिंकात कालवलेली असते, त्यामुळे पाणी लागलं की पसरते. स्पिरिट (70 भाग अल्कोहोल, 30 भाग पाणी) वापरायचं ते कपाटाच्या फळ्या पुसायला.

एक खबरदारी वैद्यकीच्या पोथ्यांबाबत विशेष घ्या. पत्रांवर पिवळा लेप किंवा खाडाखोडीवर पिवळे पट्टे असतील तर तो बहुधा हरताळ आहे. हरताळात आर्सेनिक असतं. कीड लागू नये म्हणून आणि चूक झाकण्यासाठी लेखनिक तो वापरत. अशी पत्रं जोरात झाडू नका, बोटाला थुंकी लावून पत्र उलटू नका, काम संपल्यावर हात साबणाने धुवा, आणि मुलांना तिथे बसवू नका.

आता भोकांविषयी. कडा ठळक असलेली, एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं म्हणजे भुंग्याची अळी. पृष्ठभाग वेडावाकडा खरवडलेला असेल तर कसर. मातीची नळी आणि कागदाचा मोठा लचका म्हणजे वाळवी. तुमच्याकडे अळी दिसते. ती अजून जिवंत आहे का ते बघायला पोथी पांढऱ्या कागदावर दोन आठवडे तशीच ठेवा. ताजी पिवळसर भुकटी पडली तर कीड चालू आहे. तिच्यावर सर्वांत निर्धोक उपाय थंडी. कोरडी झालेली पोथी फडक्यात गुंडाळा, दोन जाड पॉलिथिन पिशव्यांत घाला, हवा दाबून काढा, तोंड चिकटपट्टीने बंद करा आणि उणे 20 अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. घरच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा एवढा थंड राहतोच असं नाही. थर्मामीटर ठेवून खात्री करा, नाहीतर गावातल्या मासळीच्या किंवा आइस्क्रीमच्या डीप फ्रीजरवाल्याला विचारा. बाहेर काढल्यावर पिशवी 24 तास उघडू नका. घाईने उघडली तर हवेतलं पाणी थंड कागदावर उतरतं आणि सगळं मुसळ केरात. चित्रपोथ्या आणि रंगवलेल्या लाकडी फळ्या गोठवू नका, रंगाचे पोपडे निघतात.

पुन्हा ठेवताना भिंतीपासून आणि जमिनीपासून प्रत्येकी 15 सेंटिमीटर अंतर असलेलं स्वतंत्र कपाट घ्या. ताज्या प्लायवुडचं किंवा एमडीएफचं नको, त्यातून आम्लयुक्त वाफा निघत राहतात. पावडर कोटिंगचं स्टीलचं कपाट चालेल. लाल फडक्याचा रंग जातो का ते पाहा: त्यावर ओला पांढरा कपडा पाच मिनिटं दाबून धरा. रंग उतरला तर ते फडकं बाद. त्याऐवजी दोनदा धुवून कांजी काढलेलं मांजरपाट वापरा. बासन (पोथी गुंडाळायचं फडकं) घट्ट बांधा. तेल, पाणी आणि सैल बांधणी यांपासून मला जपा, अशी विनवणी जुने लेखनिक पोथीच्या तोंडून पुष्पिकेत (पोथीअखेरच्या मजकुरात) करत असत. ती तिन्ही कलमं आजही तंतोतंत लागू आहेत. सैल बासनात पत्रं एकमेकांवर घासतात, आणि ओली हवा व कसर दोन्ही आत जातात.

गावच्या वाचनालयात दुर्मीळ पुस्तकांची आणि पोथ्यांची एक लहान खोली आहे. देणगीतून एसी घेऊ पाहतो. दिवसा वाचनालय उघडं असताना चालवला तर चालेल ना? (सावंतवाडी)

नाही, त्यापेक्षा एसी नसलेलाच बरा. सहा-सात तास खोली थंड करायची आणि मग बंद करायचं, म्हणजे रात्री दमट हवा आत शिरून थंड भिंतींवर आणि कपाटांवर पाणी सुटतं. रोज ओलं-कोरडं, ओलं-कोरडं. बुरशीला याहून सोयीचं काही नाही. चोवीस तास एसी चालवण्याचं वीजबिल झेपणार नसेल तर त्याच पैशात डिह्युमिडिफायर घ्या. दहा बाय दहाच्या खोलीला दिवसाला 10–12 लिटर पाणी काढणारं यंत्र साधारण पुरतं, मात्र दारं-खिडक्यांच्या फटी रबरी पट्टीने बुजवल्या पाहिजेत. नाहीतर तुम्ही सगळ्या गावाची हवा वाळवत बसाल. पाण्याची टाकी भरली की यंत्र आपोआप बंद पडतं, म्हणून नळी लावून पाणी बाहेर काढा. रविवारी कोणी येत नाही आणि यंत्र शनिवारी रात्रीच थांबलेलं असतं, हा नेहमीचा घोटाळा.

यंत्राच्याही आधी हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचा मीटर) घ्या. काही शे रुपयांत मिळतो. स्वस्तातले मीटर चार-पाच टक्के इकडेतिकडे दाखवतात, म्हणून ते घरीच तपासायचे. बाटलीच्या झाकणात चमचाभर खाण्याचं मीठ घ्या, त्यात ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला, झाकण आणि मीटर एका झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आकडा 75 हवा. 79 दिसला तर तुमच्या मीटरच्या प्रत्येक आकड्यातून चार वजा करायचे. मीटर टेबलावर ठेवू नका. सर्वांत खालच्या खणात, मागच्या कोपऱ्यात ठेवा, कारण बुरशी सुरू होते ती तिथे. रोज दोनदा आकडा वहीत लिहा. लक्ष्य 50 ते 55 आणि 60 च्या वर जाऊ द्यायचं नाही. 65 दिसले की त्याच दिवशी हालचाल करायची.

सिलिका जेलबद्दल आणखी दोघांनी विचारलं आहे, त्यांनाही इथेच उत्तर देतो. उघड्या कपाटात पुड्या टाकणं म्हणजे समुद्रात चमचा बुडवणं. जेल काम करतं ते रबरी सील असलेल्या हवाबंद डब्यात. 30 लिटरच्या डब्याला अर्धा ते पाऊण किलो लागतं, पाच ग्रॅमच्या चार पुड्यांनी काही होत नाही. निळं जेल घेऊ नका, त्यातलं कोबाल्ट क्लोराइड घातक असतं. नारिंगी घ्या. रंग बदलला की ओव्हनमध्ये साधारण 120 अंशांवर तीन-चार तास तापवून, गार करून पुन्हा वापरता येतं. डब्यातही एक लहान मीटर ठेवा. आकडा 45 च्या खाली गेला तर थोडं जेल काढा, फार कोरडा कागद तडकतो. आणि जुलैत ओली पोथी डब्यात घालून झाकण लावू नका. कागद स्वतःच्या वजनाच्या सात-आठ टक्के पाणी एरवीही धरून असतो, पावसाळ्यात त्याहून जास्त. डबा भरायचा तो उन्हाळ्यात, मे संपायच्या आत.

आमचं घराणं तंजावरचं. पूर्वजांच्या ताडपत्रांचा एक गठ्ठा पुण्याच्या घरी आहे. नातेवाईक सांगतात, गवती चहाचं तेल लावा. लावू का? (पुणे)

आधी लिखाण कसं आहे ते पाहा. भिंगाखाली अक्षर कोरलेलं दिसलं आणि खाचेत काजळी भरलेली असली, तर दक्षिणेची नेहमीची पद्धत. अक्षर पृष्ठभागावर शाईने लिहिलेलं असेल तर तेल, पाणी, स्पिरिट यांतलं काहीही लावू नका.

कोरलेल्या पत्रांवर तेल लावण्याची रीत दक्षिणेत जुनी आहे. पान वाळून ताठ झालं की तेलाने लवचीक होतं आणि वासाने कीड लांब राहते. पण ते काम अनुभवी हाताचं आहे. तेल जास्त झालं की पानं एकमेकांना चिकटतात, धूळ धरतात आणि काळी पडतात. पानं लवचीक असतील तर तेलाची गरजच नाही. धूळ ब्रशने काढा. दोरा जुना असेल तर बदला, कारण पानं फाटतात ती बहुतेक छिद्रापाशीच. नवा दोरा सुती, मऊ आणि छिद्रापेक्षा बराच बारीक हवा. वरखाली पानांपेक्षा थोड्या मोठ्या लाकडी फळ्या ठेवा. पानं चिकटलेली असतील तर सुरी घालून सोडवू नका, तज्ज्ञांकडेच न्या.

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात, ज्याचा संग्रह सरफोजीराजे दुसरे (कारकीर्द 1798–1832) यांनी फार वाढवला, वेखंड, काळं जिरं, दालचिनी, लवंग, मिरे यांची भरड पूड आणि कापूर यांच्या पुरचुंड्या ग्रंथांत ठेवण्याची पद्धत आहे. तुम्हीही त्या ठेवू शकता. पूड पानांना लागू नये म्हणून दुहेरी मलमलीत बांधा आणि वास गेला की बदला. मात्र पुरचुंडी कीड लांब ठेवते, असलेली कीड मारत नाही, आणि ओलीवर तिचा काही इलाज चालत नाही.

पुराचं पाणी कपाटात शिरलं तर पहिल्या दिवशी काय करायचं? 2021 नंतर दर जुलैत धाकधूक असते. (चिपळूण)

तुमच्या हातात साधारण 48 तास असतात. त्यानंतर बुरशी येते. पाणी ओसरताच वीज बंद असल्याची खात्री करा, हातमोजे आणि गमबूट घाला. पुराच्या पाण्यात सांडपाणी असतं.

भिजलेलं पुस्तक जागेवर उघडू नका. बंद ठेवूनच, खाली ताट किंवा प्लास्टिकचा ट्रे धरून उचला. ओल्या कागदाला स्वतःचं वजन पेलत नाही. चिखल असेल तर छापील पुस्तक बंद धरूनच स्वच्छ पाण्याच्या टबात हलकेच विसळा. हस्तलिखित विसळू नका. मग वाटण्या करा: हस्तलिखितं आणि दुसरी प्रत नसलेली टाचणं पहिली, गुळगुळीत आर्ट पेपरची पुस्तकं दुसरी, बाजारात मिळणारी पुस्तकं शेवटी. आर्ट पेपर ओला असतानाच वेगळा केला नाही तर त्याची वीट होते, ती पुन्हा सुटत नाही.

सुटी पत्रं असलेली पोथी इथे भाग्यवान ठरते. पत्रं टिपकागदावर एकेरी पसरता येतात. चार पत्रं चिकटून आली तर ती तशीच ठेवा आणि अर्धवट वाळल्यावर सोडवा. बांधणीच्या पुस्तकात दर 15–20 पानांनी टिपकागद किंवा कोरा न्यूजप्रिंट घाला. छापलेलं वर्तमानपत्र नको, शाई उतरते. सुरुवातीला दोन-तीन तासांनी कागद बदला. पंखा भिंतीकडे तोंड करून लावा, पुस्तकावर नाही. हेअर ड्रायर आणि इस्त्री वापरू नका.

दोन दिवसांत जेवढं वाळवणं शक्य आहे त्याच्या पलीकडचं सगळं पिशव्यांत घालून गोठवा. गोठवल्याने पुस्तक वाळत नाही, पण घड्याळ थांबतं. मग आठवड्याला पाच-पाच काढून सावकाश वाळवता येतात. म्हणून जूनमध्येच मासळीच्या शीतगृहवाल्याशी बोलून ठेवा, आणि सर्वांत मोलाच्या पन्नास वस्तूंची यादी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. पोथ्या तळमजल्यावर असतील तर आजच वर न्या.

मी पाड्यावरच्या शाळेत शिक्षक आहे. वारली आणि कातकरी वैदूंनी सांगितलेल्या वनस्पतींची माहिती मुलांनी वह्यांत उतरवली आहे, सोबत वाळवलेली पानं चिकटवली आहेत. वह्यांना कीड लागली आहे. (जव्हार)

कीड कागदाला नाही, पानांना लागली आहे. वाळलेली पानं, फुलं, बिया हे त्या भुंग्यांचं आवडतं खाद्य, पानं खाताखाता ते वही पोखरतात. वह्या दोन आठवडे गोठवा (कृती वर दिली आहे). मग पानांचे नमुने वहीपासून वेगळे करा. प्रत्येक नमुना जाड कोऱ्या कागदावर कागदी पट्टीने बसवा, सेलोटेपने नाही. सेलोटेपचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन कागदात मुरतो. वहीच्या त्या पानावर आणि नमुन्यावर एकच क्रमांक घाला. क्रमांक पेन्सिलीनेच लिहा.

वह्यांचे स्टेपल काढून मधे सुती दोऱ्याचे दोन टाके घाला. गंजलेली तार पान कापते. जेल पेनाची आणि फाउंटन पेनाची शाई बहुधा पाण्याने पसरते. बॉलपेनाची टिकते, पण उजेडाने उडते. म्हणून भिंतीवर प्रदर्शन लावायचं तर छायाप्रतींचं लावा. यापुढची टाचणं पेन्सिलीने करायला सांगा, दमट हवेत तिच्याइतकं टिकणारं स्वस्त साधन नाही. प्रत्येक नोंदीत वनस्पतीचं नाव वैदूने उच्चारलं तसं, ठिकाण, ऋतू, कोणता भाग, आणि सांगणाऱ्याचं नाव नोंदवायला त्याची संमती आहे का, एवढं हवंच. कृती कुणाला दाखवायची हे त्याने ठरवायचं आहे, आपण नाही.

वडिलांच्या औषधांच्या वहीचे फोटो काढून इंटरनेटवर टाकले की ती जपली गेली असं समजायचं का? सरकारी डिजिटल ग्रंथालयात तर हे सगळं असेलच ना? (ठाणे)

दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. सीएसआयआर (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद) आणि आयुष (पारंपरिक उपचारपद्धतींचं सरकारी खातं) यांचं पारंपरिक ज्ञान डिजिटल ग्रंथालय 2001 मध्ये सुरू झालं. त्यामागे हळदीची लढाई होती: जखम भरण्यासाठी हळद, यावर 1995 मध्ये अमेरिकेत पेटंट दिलं गेलं आणि रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआरने जुन्या ग्रंथांचे पुरावे देऊन 1997 मध्ये ते रद्द करवून घेतलं. त्या ग्रंथालयात आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या प्रसिद्ध ग्रंथांतले औषधयोग आहेत, इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानीत मांडलेले, पेटंट तपासणाऱ्यांना शोधता यावेत म्हणून. तुमच्या वडिलांची वही त्यात नाही. वैदूंचं तोंडी ज्ञान नोंदवण्याची जागा म्हणजे जैवविविधता कायदा 2002 खालची गावची लोकजैवविविधता नोंदवही, ती ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे असते.

उघड्या इंटरनेटवर टाकलेली कृती परत घेता येत नाही. घरात सगळ्यांचं एकमत होईपर्यंत फोटो घरातच ठेवा, पण काढा मात्र आजच. कॅमेरा स्टँडवर, भिंग पानाला अगदी समांतर. दोन्ही बाजूंनी 45 अंशांवर सारखे दिवे, फ्लॅश नको. चौकटीत मोजपट्टी ठेवा. मूळ आकाराला निदान 300, हस्तलिखिताला 400 डीपीआय (दर इंचाला तेवढे बिंदू) पडेल इतक्या जवळून. कोरी पानं आणि पाठच्या बाजूही घ्या. देवनागरी पोथीत पत्रांक बहुधा पाठीवर असतो आणि तो सुटला तर क्रम लावताना तोंडाला फेस येतो. तीन प्रती करा, दोन वेगळ्या साधनांवर, एक वेगळ्या गावात. दर वर्षी उघडून पाहा. आणि मूळ वही टाकू नका. कागद, शाई, समासातली नंतरची भर, कोणत्या पानावर औषधाचा डाग पडलाय, यातलं बरंच काही फोटोत येत नाही.

दसऱ्याला पोथ्यांची पूजा करतो. हळदकुंकवाने नुकसान होतं का? (पेडणे)

हो. कुंकवाचा डाग निघत नाही, अक्षता आणि फुलं किडीला बोलावतात. पोथी बासनातच ठेवा, वर धुतलेलं वस्त्र घाला आणि हळदकुंकू त्या वस्त्राला वाहा. निरांजन हातभर लांब. पूजा झाली की त्याच दिवशी निर्माल्य उचला, आणि पोथ्या बाहेर आल्याच आहेत तर प्रत्येक बासन उघडून बुरशी आणि भुकटी तपासून घ्या.

आजीच्या ओव्यांच्या कॅसेटवर पांढरी बुरशी आली आहे. वाजवून बघू का? (रत्नागिरी)

वाजवू नका. बुरशी यंत्राच्या हेडवर जाते, आणि त्यावर लावलेली पुढची प्रत्येक कॅसेट बिघडते. बुरशीवाल्या कॅसेट वेगळ्या पिशवीत, सिलिका जेल घालून, उभ्या ठेवा आणि ध्वनिफिती दुरुस्त करणाऱ्याकडे द्या. ज्या स्वच्छ आहेत त्या आधी डिजिटल करून घ्या, वॅव्ह स्वरूपात, एमपी-थ्रीमध्ये नाही. आजी हयात असतील तर कॅसेटची वाट न पाहता त्यांचं आत्ताच नव्याने ध्वनिमुद्रण करा, आणि कोणती ओवी कोणत्या कामाला म्हणायची तेही त्यांच्याच तोंडून रेकॉर्ड करून घ्या.